ट्रेलरवर बांधलेली जिप्सी घाटात सैल पडते, पट्टे आवळायचे तरी किती?

वारजेकर_जिप्सी

नमस्कार मंडळी. गेल्या रविवारी साताऱ्याजवळ मित्राच्या शेतावर जिप्सी नेली होती, चिखलात लोळवायला. १.३ लिटरची, चारही कोपऱ्यांना पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा), ३१ इंची टायर, आत केज (पाइपांचा सांगाडा), पुढे विंच (वायर गुंडाळून गाडी ओढणारं यंत्र). या अवतारात ती रस्त्यावर काढायची माझी हिंमत नाही आणि कायद्यात बसतही नाही, म्हणून ट्रेलर. दोन ॲक्सलचा, पासिंग झालेला (आधीच सांगतो, नाहीतर पहिलं उत्तर त्यावरच येईल). ओढायला स्कॉर्पिओ.

बांधली अशी: पुढून दोन रॅचेट पट्टे (दातेरी खटक्याने आवळायचे) बंपरच्या हुकांना, मागून दोन केजच्या खालच्या पाइपांना, आणि मनाच्या समाधानासाठी वरून नायलॉनची दोरी. रॅचेट इतके आवळले की गाडी पाट्यांवर दोन बोटं खाली बसली. हँडब्रेक ओढला, पहिला गिअर टाकला, विंचची वायर ट्रेलरच्या पुढच्या खांबाला लावून ताणली.

जाताना खंबाटकीच्या चढाला मागे एकदा ‘धप्प’ झालं, दुर्लक्ष केलं. येताना पाऊस. कात्रजचा नवा बोगदा ओलांडून नवले पुलाच्या उताराला लागलो आणि आरशात बघतो तर जिप्सी डावीकडे मान कलती करून चाललेली! तो उतार अपघातांचा, तुम्हाला सांगायला नको. घाम फुटला. हळूहळू डावीकडे घेत नऱ्ह्याला सेवा रस्त्यावर थांबलो. गाडी चार बोटं सरकलेली, मागचा एक पट्टा लोंबतोय, त्याचा हूक घासून चकाकलाय. दोरी तर पायजम्याच्या नाडीसारखी. सौ. शेजारी बसली होती, तिने एवढंच विचारलं, “हे असंच असतं का?”

पट्टे ५ टनी, गाडी १ टनाची. मग आवळायला कमी पडलो का?

पेठेतला

आयशर भाड्याने घ्या, त्यात गाडी घाला आणि मागून बसने या. प्रश्न संपला.

चाकणचा_कॅरियर

दादा, कमी नाही, चुकीच्या जागी आवळलं तुम्ही. मी चाकणला नव्या गाड्या कॅरियरवर चढवायचं काम अकरा वर्षं केलं. आम्ही बॉडीला पट्टा लावतच नाही, चाकाला लावतो. चाकावरून पट्टा घ्यायचा, चाकाच्या पुढे एक टोक, मागे दुसरं, आणि आवळायचं. गाडी वर पाट्यांवर नाचू दे ना हवी तेवढी, चाक जागचं हलत नाही.

तुम्ही काय केलंत, गाडी दोन बोटं दाबून बांधली. खड्ड्यात ती अजून तीन बोटं दबली की तेवढ्या क्षणाला पट्टा ढिला. उघड्या तोंडाचा हूक तेवढ्यात कडीतून उडी मारतो. तुमचं ते ‘धप्प’ तेच असणार. पुढच्या वेळी हूक चापवाले घ्या, म्हणजे तोंडाला पत्ती असलेले.

आणि दोरी फेकून द्या. नायलॉन ओलं झालं की ताणतं. पावसात सैल पडणारच ते. पट्टे पॉलिएस्टरचे असतात, ते पाण्याने एवढे वाढत नाहीत.

निवृत्त_टूलरूम

चाकणकरांचं बरोबर आहे. आकड्यांत सांगतो, कारण ‘५ टनी पट्टा’ या शब्दाने बरेच जण फसतात.

तो ५ टन म्हणजे पट्टा तुटण्याचा आकडा. पट्ट्यावर शिवलेलं लेबल वाचा. युरोपीय पद्धतीच्या लेबलवर ‘एलसी २५०० डीएएन’ असं असतं, म्हणजे सरळ ओढीत साधारण २५०० किलो, तुटण्याच्या निम्मं. अमेरिकी पद्धतीत तर एक तृतीयांशच धरतात. लेबल नसेल तर तो पट्टा गादी बांधायला वापरा.

आता गरज किती? बांधणीचा हिशोब करताना जोराच्या ब्रेकला पुढच्या दिशेने वजनाच्या ०.८ पट आणि वळणावर बाजूला ०.५ पट ओढ धरतात. तुमची गाडी हजार किलो धरली तर पुढे ८०० आणि बाजूला ५०० किलो. पट्टा जमिनीशी ४५ अंशांत असेल तर त्याच्या ताकदीचा ७० टक्केच भाग आडवा कामाला येतो. तरीही चार पट्टे पुरून उरतात. म्हणजे तुमचे पट्टे कमजोर नव्हते, ते क्षणभर सैल पडून परत झटक्याने ताणले जात होते. झटका हाच खरा शत्रू.

जिप्सीला पुढे-मागे सलग ॲक्सल आहे, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा दांडा, हे तुमचं नशीब. चाकावरचा पट्टा ३१ इंची टायरला आखूड पडत असेल तर ॲक्सलला ॲक्सल स्ट्रॅप गुंडाळा आणि त्याला रॅचेट लावा. मागचे दोन एकमेकांना छेदून न्या, डावीकडचा उजव्या कडीला. बाजूला सरकणं त्यानेच थांबतं. मागच्या ॲक्सलवरून ब्रेकची नळी जाते, पट्टा तिच्यावर येता कामा नये. पुढे स्टीअरिंगच्या रॉडला चुकूनही हात लावू नका. ॲक्सल समजून त्याला पट्टा अडकवणारे मी पाहिलेत.

विंचला ताण देऊन ठेवू नका. ती गाडी वर ओढायला आहे, तासन्तास धरून ठेवायला नाही.

शेवटचं, ट्रान्सफर केसची (गिअरबॉक्सकडून पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीची) दांडी कुठे होती? न्यूट्रलला असेल तर तुमच्या पहिल्या गिअरला काही अर्थ नव्हता.

वारजेकर_जिप्सी

काका, दांडी न्यूट्रललाच होती हो. चढवताना विंचने ओढली होती, तशीच राहिली. हे वाचून हसू की रडू कळेना.

एक शंका. ट्रेलरच्या कड्या भोसरीत एकाकडून लावून घेतल्यात, त्या पत्र्याला वेल्ड केल्यात, खालच्या चॅनलला (सांगाड्याच्या जाड लोखंडी पट्टीला) नाही. चालतील?

निवृत्त_टूलरूम

नाही. पत्रा सोलून निघेल आणि २५०० किलोचा पट्टा हातात राहील. चॅनलला लावून घ्या.

थार_बावधन

मध्येच घुसतो. माझ्या नव्या थारला पुढे सलग ॲक्सल नाही. मग पट्टा कुठे?

चाकणचा_कॅरियर

चाकाला. म्हणून तर आधी सांगितलं. टायरवर पट्टा घसरू नये म्हणून त्यावर सरकते रबरी ठोकळे येतात, ते बघून घ्या. थार जिप्सीपेक्षा बरीच जड आहे, ट्रेलरची क्षमता आधी बघा.

वारजेकर, चढवताना ट्रेलरच्या मागच्या टोकाखाली ठोकळे लावता ना? नाहीतर गाडी रॅम्पवर आली की ट्रेलरचं शेपूट खाली जातं आणि स्कॉर्पिओचं बूड वर. मागची चाकं उचलली की हँडब्रेक कशाला धरणार?

आणि गाडी ट्रेलरवर किती पुढे उभी करता? फार मागे असेल तर ट्रेलर शेपटी हलवायला लागतो, वेग वाढला की जास्तच. एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास भार स्कॉर्पिओच्या मागच्या, ट्रेलर ओढायच्या हुकावर यायला पाहिजे.

वारजेकर_जिप्सी

ठोकळे लावत नव्हतो. वजन मोजलं! ट्रेलर ६०० आणि गाडी १०००, म्हणजे हुकावर १६० हवं. घरचा काटा १५० ला संपतो, म्हणून ट्रेलरचं नाक भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवलं. ९० भरलं. जिप्सी हातभर पुढे घेतली तेव्हा कुठे १५५ आलं. भंगारवाला म्हणाला, “विकायची असेल तर आत्ताच सांगा.”

वारजेकर_जिप्सी

तीन आठवड्यांनी लिहितोय. कड्या चॅनलला लावल्या, त्याच माणसाकडून, कुरकुरत का होईना. चापवाल्या हुकांचे चार पट्टे रविवार पेठेत बोहरी आळीत मिळाले. आधी दोन दुकानांत “असलं कोण घेतं?” हे ऐकून झालं.

काल ताम्हिणीमार्गे कोलाडला जाऊन आलो. चारही पट्टे ॲक्सलला, मागचे छेदून. निघाल्यावर पिरंगुटला थांबून पाहिलं तर प्रत्येक रॅचेट एक-एक दात अजून घेत होता, मग पुन्हा पौडला, तिथे काहीच घेतलं नाही. घाटात गाडी वर-खाली डुलताना आरशात दिसत होती, चाकं मात्र खिळल्यासारखी. एक पट्टा वाऱ्यात भुंग्यासारखा गुणगुणत होता, त्याला अर्धा पीळ दिला तेव्हा गप्प बसला.

परतल्यावर सहज ट्रेलरच्या चारही हबना हात लावून पाहिला. डाव्या मागच्याने चटका दिला. उद्या नाना पेठेत बेअरिंग बघायला जातोय. कोणाला चांगलं दुकान माहीत असेल तर सांगा.