स्ट्रीट फायटर २ घरी खेळायचाय, कुठलं व्हर्जन घेऊ?

तिसरी_गल्ली:
मंडळी, सल्ला हवाय. ९४-९५ ला स्टेशनजवळच्या पार्लरमध्ये दळणाचे सुट्टे पैसे किती उडवले ते विचारू नका. आता पोरगा दहा वर्षांचा झालाय, त्याला दाखवायचाय. घरी निंटेंडो स्विच आहे, पण मेगा ड्राइव्ह किंवा सुपर निंटेंडो असलं जुनं गेमचं मशीन मिळालं तर तेही घेईन. मला तोच हवाय ज्यात र्‍यू उडी मारून हवेतच आडुकेन (तो हातातून फेकायचा फायरबॉल) सोडतो आणि मॅच चालू असताना स्टार्ट दाबलं की फायटर बदलतो.

उलटा_क्वार्टर:
अहो तो मूळ गेम बनवणाऱ्या कॅपकॉमचा नव्हेच 😂 ती स्ट्रीट फायटर २ च्याच चॅम्पियन एडिशन या व्हर्जनची हॅक केलेली पायरेटेड बोर्डं, रेनबो एडिशन म्हणतात, म्हणून कुठल्याच ओरिजिनल कार्ट्रिजवर ते सापडणार नाही. गंमत म्हणजे असल्या हॅकना उत्तर म्हणूनच कॅपकॉमने १९९२ च्या शेवटी हायपर फायटिंग काढला, स्पीड वाढवला, चुनलीला फायरबॉल दिला, र्‍यू-केनची ती गरगर फिरणारी किक हवेत मारता यायला लागली. तुमच्या आठवणीच्या सगळ्यात जवळचा तोच. स्विचवर ३० अ‍ॅनिव्हर्सरी कलेक्शन घ्या (२०१८), १२ गेम आहेत, सगळे आर्केडचेच (पार्लरमधल्या मशीनचे), हायपर फायटिंगही आहे.

जुनी_कॅसेट:
कलेक्शनला +१. जुनं हार्डवेअर घेणारच असाल तर सुपर निंटेंडोवर १९९३ चा टर्बो बघा, त्यात हायपर फायटिंगच आहे, ९२ चा पहिला नको कारण त्यात चारही बॉस (शेवटी येणारे फायटर) स्वतः घेऊन खेळायला मिळत नाहीत. मेगा ड्राइव्हवरचा स्पेशल चॅम्पियन एडिशन खेळायला झकास आहे पण आवाज असे की र्‍यूचा घसा बसलाय वाटतं, आणि सहा बटणांचा पॅड मिळाला तरच घ्या, तीन बटणांच्या पॅडवर पंच की किक हे स्टार्ट दाबून बदलत बसावं लागतं, तोवर समोरचा तुमची चटणी करतो. ३डीओ या जुन्या मशीनच्या नादी लागू नका, त्यावर नंतरचं व्हर्जन सुपर टर्बो आहे आणि म्युझिक भारी आहे पण मशीन शोधण्यातच म्हातारे व्हाल.

उलटा_क्वार्टर:
आणि हो, स्विचच्या जॉय-कॉनवर आडुकेन मारायला जाऊ नका, तिथे सलग डी-पॅडच (दिशांचं अधिक-चिन्हासारखं बटण) नाही, चार सुटी बटणं आहेत. अंगठा सोलून निघतो. प्रो कंट्रोलर घ्या नाहीतर सरळ पार्लरसारखी दांडीवाली स्टिक. कलेक्शनमधला सुपर टर्बो पोराला एवढ्यात देऊ नका, त्यातला कॉम्प्युटर हरामी आहे.

तिसरी_गल्ली:
म्हणजे इतकी वर्षं मी ड्युप्लिकेट मालाच्या आठवणी काढत होतो 🤦 असो. कलेक्शन घेतलं, प्रो कंट्रोलर मित्राचा आणलाय. काल पोराने तो होंडा नावाचा सुमो पैलवान घेतला, पंचचं एकच बटण बडवत थपडांवर थपडा, आणि मी इकडे स्टाइलमध्ये आडुकेन जमवतोय. सात मॅच हरलो. स्टिक कुठली घेऊ ते सांगा आता, बजेट घरी मंजूर व्हायचंय.