मदत हवी आहे: रविवारी सकाळी रस्ता वाहनांना बंद ठेवायची परवानगी कशी मिळते?

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या बागेत ओपन जिम आहे, पण सायकलचं एक पेडल कधीच गळून पडलंय. आई म्हणते, मला त्या लोखंडावर चढायचंच नाही, नीट चालता आलं तरी पुरे. चालायला फुटपाथ मात्र नाही!

पुणे महापालिका २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद ठेवून पादचारी दिन करते. कोलंबियातल्या बोगोटात तर दर रविवारी सकाळी ७ ते दुपारी २ मोठमोठे रस्ते चालणाऱ्यांना, सायकलवाल्यांना मोकळे असतात. आम्हाला बाजारपेठेतला अर्धा किलोमीटर, तोही दोनच तास हवाय.

अर्ज आधी मुख्याधिकाऱ्यांकडे द्यायचा की पोलिसांकडे? दुकानदारांची लेखी संमती लागते का? कुणी आपल्या गावात हे केलं असेल तर अर्जाचा नमुना इथे टाका ना, प्लीज.