थडग्यावरची पाच अक्षरं : गाठोडं, पुरचुंडी की आणखी काही?

नमस्कार मंडळी, एका शब्दावर अडलेय. गेल्या महिन्यात अलिबागकडे गेले होते तेव्हा बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या यहुदी लोकांच्या एका कबरस्तानात जाणं झालं. ओळखीच्या एक आजी आहेत, आता इस्रायलला असतात, त्यांच्या आजेसासऱ्यांच्या कबरीचा फोटो हवा होता त्यांना. दगड सापडायला तासभर गेला, शेवाळ चढलेलं सगळीकडे, ओल्या फडक्याने हळूहळू पुसत गेले तेव्हा वर हिब्रू, मधे आपलं मराठी, चांगलं ठसठशीत देवनागरी, नाव, बापाचं नाव, आडनाव "कर"वालं, आणि सगळ्यात खाली एकटीच पाच हिब्रू अक्षरं. त्यातल्या शेवटच्या दोन अक्षरांच्या मधे वरती दोन बारीक तिरक्या रेघा. शेजारच्या दगडावर बघितलं तर तीच पाच अक्षरं, त्याच्या पलीकडे पण तीच.

फोटो पाठवला तर आजी म्हणाल्या "अगं ते सगळ्यांवर असतं, जीव गाठोड्यात बांधलेला राहो असा अर्थ." आता मी त्यांच्या ठाण्यातल्या नातेवाइकांसाठी घरच्याघरी एक छोटं पुस्तक करतेय, त्यात फोटोखाली या ओळीचं मराठी द्यायचंय. पण "गाठोडं" मला खटकतंय. कुणाला नीट अर्थ माहितीये का? आणि चांगला मराठी शब्द?

*

ताई, फार चांगला प्रश्न आणलात. ती अक्षरं म्हणजे ताव, नून, त्सादी, बेत, हे. वरच्या दोन रेघा म्हणजे "हे संक्षेप आहे" अशी खूण, आपण टिंब देतो तसंच. आपल्या जुन्या पत्रात "सा. न. वि. वि." असायचं आणि वाचणारा ते मनात सलग "साष्टांग नमस्कार विनंती विशेष" असंच वाचायचा, अगदी तसं. पूर्ण वाक्य "तेही नफशो त्सरूरा बित्स्रोर हाहायिम", बाई असेल तर "नफशो"चं "नफशाह" होतं पण पहिलं अक्षर तेच, त्यामुळे पाच अक्षरं बाईपुरुष दोघांना चालतात.

शब्दाला शब्द लावायचा तर नेफेश म्हणजे जीव. इथे "आत्मा" लिहू नका अशी माझी विनंती, कारण नेफेश हा शब्द श्वास, गळा, धुगधुगी याच्या जवळचा आहे आणि आपला "जीव" पण तसाच आहे, जीव टांगणीला लागतो, जीव कासावीस होतो, आत्मा होत नाही. त्सरूरा म्हणजे बांधलेला. त्स्रोर म्हणजे ज्यात बांधलाय ते. आणि हाहायिम म्हणजे जीवनाचं किंवा जिवंतांचं, दोन्ही अर्थ लागतात. आजी बरोबर सांगतायत.

वाक्य कुठून आलं ते बघितल्याशिवाय शब्द ठरवू नका. हे बायबलमधल्या शमुवेलच्या पहिल्या पुस्तकातलं आहे, 25वा अध्याय, 29वी ओवी. दावीद अजून राजा झालेला नाही, रानोमाळ लपत फिरतोय, आणि अबीगईल नावाची बाई त्याला रक्तपातापासून अडवताना म्हणते की तुझा जीव देवापाशी जीवनाच्या त्स्रोरमधे बांधलेला राहील, आणि तुझ्या वैऱ्यांचे जीव मात्र तो गोफणीच्या खोबणीतून भिरकावून देईल. गोफण! ज्यांनी लहानपणी ज्वारीच्या शेतात माळ्यावर बसून पाखरं हाकललीत त्यांना वेगळं सांगायला नको, गोफणीत ठेवलेला खडा हा सोडून द्यायलाच ठेवलेला असतो, गेला की गेला, शोधत कोण जातं. म्हणजे ओवीत दोन जागा आहेत, एक धरून ठेवणारी आणि एक फेकून देणारी. थडग्यावर फक्त पहिली येते. दुसऱ्या अर्ध्याबद्दल तिथे चकार शब्द नाही आणि हे मला फार मोठं वाटतं.

*

दादा, फार आभार. पण मग गाठोडं नकोच ना? आपल्याकडे गाठोडं बांधलं म्हणजे निघाला तो. आणि आमच्याकडे खूप म्हाताऱ्या माणसाबद्दल "नुसतं गाठोडं झालंय अंगाचं" म्हणतात. कबरीवर ते वाचून कसंतरीच होतं.

आणखी एक, हे सगळ्यांवर तेच ठरीव वाक्य असतं म्हणजे मग अशा दगडांवरून माणूस कसा होता ते काही कळतच नाही का?

*

आधी दुसऱ्याचं सांगतो. कळतं, पण वाचायची जागा वेगळी आहे. सुरुवातीला बहुतेक ठिकाणी दोन अक्षरं असतात, पे आणि नून, "पो निकबर" किंवा "पो नितमान", इथे पुरलंय. नितमानमधे लपवून ठेवल्याची छटा आहे, ठेवा पुरतात तसं. मग नाव आणि बापाचं नाव, मुलगा असेल तर "बेन", मुलगी असेल तर "बत". आपल्याकडे लग्न झालं की बाईचं मधलं नाव बदलतं, बापाचं जातं नवऱ्याचं येतं. इथे चार मुलांची आई होऊन नव्वदीत गेली तरी दगडावर ती अमक्याची बत असतेच, नवऱ्याचं नाव आलं तर त्याच्या जोडीला येतं. केरळात चेंदमंगलमच्या सिनेगॉगपाशी, म्हणजे यहुदी प्रार्थनास्थळापाशी, एक दगड आहे 1269 सालचा, भारतातला सगळ्यात जुना हिब्रू थडग्याचा दगड म्हणून तो सांगतात. तो एका बाईचा आहे, सारा बत इस्राएल. साडेसातशे वर्षं झाली, तिच्याबद्दल बाकी सगळं गेलं, बाप राहिला.

मग वर्ष. हिब्रूत अक्षरंच आकडे असतात, आणि हजाराचा आकडा बऱ्याचदा गाळतात आणि पुढे "लहान गणतीने" अशा अर्थाचा संक्षेप कोरतात. आपण "बहात्तरचा दुष्काळ" म्हणतो तेव्हा 1900 गाळतोच की. मृत समुद्राच्या दक्षिणेला, आताच्या जॉर्डनमधे, झोआर म्हणून गाव होतं, तिथे चौथ्या ते सहाव्या शतकातले दगड मिळालेत, बरेचसे अरामी भाषेतले, लाल रंगाने लिहिलेले पण आहेत. त्यावर साल कसं दिलंय माहितीये? मंदिर पाडल्याला इतकी वर्षं झाली तेव्हा. जेरुसलेमचं मंदिर रोमनांनी पाडलं इसवी सन 70 मधे आणि ही माणसं तीनशे, चारशे वर्षांनी आपल्या घरातल्या मयताची तारीख त्या पडझडीपासून मोजतायत. जोडीला जमीन पडीक ठेवायच्या दर सातव्या वर्षाचा हिशोब. शेतकऱ्याचं कॅलेंडर आणि दुःखाचं कॅलेंडर एकाच दगडावर. आणि शेवटी शालोम, म्हणजे शांती. हे वाचल्यावर मला त्या गावची माणसं समोर उभी राहिल्यासारखी झाली, खरंच.

चित्रं पण वाचायची असतात. बोटं फाकवलेले दोन हात असतील तर तो कोहेन, पुरोहित घराण्यातला, कारण आशीर्वाद देताना हात तसेच धरतात. पाण्याचा चंबू असेल तर लेवी, पुरोहितांच्या मदतनीस घराण्यातला, तो कोहेनच्या हातावर पाणी घालतो. पूर्व युरोपात बायकांच्या दगडावर मेणबत्त्या, शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचे, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाचे, दिवे लावणं हे घरच्या बाईचं काम म्हणून. मधेच मोडलेली मेणबत्ती किंवा तोडलेलं झाड असेल तर माणूस अकाली गेला. नावावरूनही चित्र काढतात, प्रागच्या जुन्या कबरस्तानात दावीद गान्स नावाच्या इतिहासकाराचा दगड आहे, 1613 सालचा, त्यावर हंसासारखं बदक आहे कारण गान्सचा अर्थच तो.

विशेषणं मात्र सगळ्यांना तीच, सरळ आणि सचोटीचा पुरुष, मर्यादशील बाई. त्यावरून तो माणूस तसा होता असं धरू नये, पण त्या गावाला काय मोलाचं वाटायचं ते कळतं. पैसा किती होता ते क्वचित लिहितात, कुणाचा मुलगा आणि कसा वागला ते लिहितात.

*

मधेच बोलते. माझं सासर पेणजवळचं. यहुदी कबरस्तानाला हिब्रूत "बेत हाहायिम" पण म्हणतात, जिवंतांचं घर, हे ऐकून मला आधी वाटलं सांगणाऱ्याचं काहीतरी चुकतंय. मग लक्षात आलं की आम्ही तरी काय करतो, बांगडी फुटली म्हणत नाही, वाढवली म्हणतो. दुकान बंद केलं तरी वाढवलं. घरातून निघताना जातो नाही म्हणायचं, येतो म्हणायचं. नको तो शब्द तोंडून काढायचा नाही म्हणून उलटा शब्द, हे त्यांनाही ठाऊक आणि आपल्यालाही. आणि जवळच नवगावला बेने इस्रायलींच्या त्या जुन्या कबरींवर तर शब्दच नाहीत. जहाज फुटून सात जोडपी वाचली आणि बाकीच्यांना तिथे मूठमाती दिली अशी त्यांची परंपरा सांगते. कोरलेलं नाव एकाचंही नाही. तरी दोन हजार वर्षांपूर्वीचं म्हणून लोक ती जागा अजून दाखवतात.

ता. क. : "मूठमाती" हा शब्द आता आपण वाईट चालीरीतींना मूठमाती द्या असाच वापरतो, मूळचा किती हळवा शब्द आहे तो.

*

वहिनी, "वाढवणे" अगदी नेमकं सांगितलंत. आता मूळ मुद्दा, त्स्रोरला मराठी काय.

या शब्दाची आणखी एक गंमत आहे. त्स्रोर म्हणजे जशी कापडाची वा चामड्याची बांधलेली पिशवी तसाच त्याच उच्चाराचा हिब्रूत खडा, बारीक दगड असाही अर्थ आहे, शमुवेलच्याच दुसऱ्या पुस्तकात तो तसा आलाय. आणि इराकमधे नुझी नावाच्या जुन्या शहराच्या उत्खननात मातीचं एक पोकळ अंड्यासारखं भांडं मिळालं, आत खडे, बाहेर मेंढ्याशेळ्यांची यादी, एका जनावराला एक खडा. काही अभ्यासक म्हणतात की अबीगईलच्या बोलण्यात हीच धनगराची पिशवी आहे. कळपातली प्रत्येक मेंढी म्हणजे पिशवीत एक खडा, जोवर खडा पिशवीत तोवर मेंढी मोजणीत. तसं धरलं तर "जीव बांधलेला राहो" म्हणजे याला मोजणीतून काढू नकोस.

म्हणून माझं मत "गाठोडं" नको. गाठोड्यात काय आहे ते कुणी मोजत नाही, कोंबतात. "बोचकं" तर नाहीच. "चंची" अर्थाने फार जवळ जाते पण तिला पानतंबाखूचा वास आहे. मला "पुरचुंडी" बरोबर वाटतो. लहान, गाठ मारलेली, आत मोजकं आणि मोलाचं काहीतरी. माझी आजी बाजारातून आली की पदराच्या टोकाची गाठ सोडून चार नाणी काढायची, मोजायची, परत तशीच करकचून बांधायची, रात्री झोपतानाही ती गाठ सुटत नसे. ती नाणी हरवणं शक्यच नव्हतं.

"त्याचा जीव जिवंतांच्या पुरचुंडीत बांधलेला राहो." असं लिहा असं मी म्हणेन.

*

पुरचुंडी मला पटली दादा. "जीवनाच्या" की "जिवंतांच्या" यावर अजून घोळ चाललाय माझा, पण वाचताना "जिवंतांच्या" म्हटलं की आजी, त्यांची मुलं, आपण सगळे त्यात आलो असं वाटतं, त्यामुळे तेच ठेवतेय.

कबरीवर फुलांऐवजी खडे ठेवतात त्याचा या त्स्रोरशी संबंध आहे का मग? त्या दगडाच्या कडेवर पण तीन खडे होते, मी पुसताना बाजूला काढून परत ठेवले.

*

काहीजण तसा संबंध जोडतात, पण त्या प्रथेची कारणं बरीच सांगतात त्यामुळे एकच धरून बसू नका. खडा ठेवला की कुणीतरी येऊन गेलं एवढं नक्की कळतं. जर्मनीत वर्म्स गावी, जिथे अकराव्या शतकापासूनचे दगड अजून उभे आहेत, तिथे रोथेनबर्गच्या रब्बी (यहुदी धर्मगुरू) मेईर यांची कबर आहे. त्यांना राजाने कैद केलं, खंडणी देऊन मला सोडवू नका म्हणून त्यांनीच लोकांना बजावलं कारण मग प्रत्येक रब्बी धरला गेला असता, आणि 1293 मधे ते कैदेतच गेले. प्रेतसुद्धा चौदा वर्षं अडकवून ठेवलं गेलं. 1307 मधे आलेक्झांडर विम्फेन नावाच्या माणसाने स्वतःचे पैसे भरून ते सोडवलं, बदल्यात एकच मागितलं, मेल्यावर मला त्यांच्या शेजारी पुरा. दोन्ही दगड आजही शेजारी शेजारी आहेत आणि दोन्हींच्या माथ्यावर खड्यांचा खच असतो.

तुम्ही तीन खडे परत ठेवलेत हे छान केलंत. आजींच्या वतीने चौथा ठेवला होतात का?

*

नाही ठेवला, सुचलंच नाही. पुढच्या शनिवारी... नको, शनिवारी त्यांचा शब्बाथ, रविवारी जाते.