न्यूमेरिकल मेथड्समध्ये पीएचडी, जागा कुठे निघतात? अर्जंट

वारणाकाठ: मंडळी मदत करा. दोन महिने झाले, चाळीसेक प्रोफेसरांना मेल टाकले, तिघांचं उत्तर आलं ते पण 'सध्या जागा नाही'. मला कॉम्प्युटेशनलमध्येच, म्हणजे समीकरणं कॉम्प्युटरवर आकड्यांनी सोडवण्यातच करायचंय, दुसरं काही सुचवू नका. घरी रोज विचारतात काय झालं म्हणून.

सातारकर: कॉम्प्युटेशनल काय? फ्लुइड, स्ट्रक्चर, मटेरियल? शिक्षण किती, गेट (इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा) आहे का, देशात की बाहेर? काहीच लिहिलं नाहीस बाळा.

वारणाकाठ: सीएफडी हो काका, द्रव-वायूंचा प्रवाह कॉम्प्युटरवर सोडवणं. एमटेक थर्मल. गेट आहे. कुठेही चालेल.

डेल्फ्टची_मेघना: 'कुठेही चालेल' हे मेलमध्ये लिहिलं नाहीस ना? इकडे नेदरलँड्समध्ये पीएचडी म्हणजे साधारण चार वर्षांची पगारी नोकरी, रीतसर जाहिरात निघते आणि अर्ज तिथेच करायचा, कारण पैसा त्या प्रोजेक्टचा असतो, नुसत्या मेलने सहसा काही होत नाही. जाहिरातींसाठी अकॅडेमिक ट्रान्सफर ही साइट बघ, सगळ्या युरोपसाठी युरॅक्सेस, आणि गणिताकडे झुकलेल्या जागा एनए डायजेस्ट या न्यूमेरिकलवाल्यांच्या ईमेल पत्रिकेत येतात. मेरी क्युरी या युरोपियन युनियनच्या योजनेतल्या जागाही बघ, त्यात अट असते की जिथे जागा आहे त्या देशात मागच्या 36 महिन्यांत 12 महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं नसावं, तुला ती आड येणार नाही.

सातारकर: लगेच बाहेर कशाला? बंगलोरच्या आयआयएससीला कॉम्प्युटेशनल अँड डेटा सायन्सेसचा अख्खा विभाग आहे. गणित पक्कं असेल तर बंगलोरलाच टीआयएफआर या संशोधन संस्थेचं गणिताचं सेंटर आहे. जेआरएफ, म्हणजे पीएचडीची फेलोशिप, महिना 37,000 झालीय 2023 पासून.

डेल्फ्टची_मेघना: काका, 37,000 मध्ये बंगलोरचं भाडं भरून बघा एकदा.

सातारकर: हॉस्टेल असतं गं. आमच्या वेळी 5,000 वर संसार केले लोकांनी.



शून्यशेष: गेट कोणत्या साली? आणि थिसिस कशावर केलास, स्वतःचा कोड की फ्लुएंट, ते तयार सॉफ्टवेअर?

वारणाकाठ: 2022. फ्लुएंट.

शून्यशेष: गेट 3 वर्षंच चालतं, तुझं संपलं. देशात जिथे गेट मागतात तिथे करायचं तर परत द्यावं लागेल. आणि न्यूमेरिकलवाल्यांना फ्लुएंटची रंगीत चित्रं दाखवून उपयोग नाही रे, त्यांना तू स्कीम, म्हणजे समीकरण आकड्यांत सोडवायची रीत, समजून घेतलीस का ते बघायचं असतं. लिड ड्रिव्हन कॅव्हिटी, म्हणजे वरची भिंत सरकत असलेल्या चौकोनी डब्यातला प्रवाह, स्वतः लिही, पायथॉन चालेल, रेनॉल्ड्स नंबर 1000, आणि मधल्या उभ्या रेषेवरचा वेग गिया मंडळींच्या 1982 च्या पेपरातल्या तक्त्याशी ताडून बघ. मग ग्रिडचं, म्हणजे हिशोबाच्या बिंदूंच्या जाळीचं अंतर निम्मं कर, स्कीम सेकंड ऑर्डर (एरर अंतराच्या वर्गाप्रमाणे बदलणारी) असेल तर एरर साधारण चौथाईवर यायला हवा. माझ्या पहिल्या कोडमध्ये प्रेशर बुद्धिबळाच्या पटासारखं एकाआड एक वरखाली यायला लागलं, आठवडाभर बाउंड्रीच तपासत बसलो, शेवटी कळलं की वेग आणि प्रेशर एकाच बिंदूवर ठेवलेत. स्टॅगर्ड ग्रिड केली, म्हणजे दोन्ही वेगवेगळ्या जागी ठेवले, आणि गेलं. इंटरव्ह्यूत अर्धा तास त्यावरच बोललो आम्ही.

डेल्फ्टची_मेघना: हे एकदम बरोबर. त्याचं एक पान कर आणि प्रत्येक अर्जाला जोड, आणि ज्याला लिहितोस त्याचा एक तरी पेपर वाचून लिही.

वारणाकाठ: मी चाळीस जणांना तोच मेल पाठवला होता, फक्त नाव बदलून. कोड आजच सुरू करतो. ताई, जर्मनीत पण असंच का, जाहिरातीवरच?

डेल्फ्टची_मेघना: हो, तिकडेही बऱ्याच जागा प्रोजेक्टच्याच, पण कधी 75 टक्के पगारावर असतात, जाहिरात नीट वाच.

शून्यशेष: कोड झाला की इथे टाक, वरच्या भिंतीची कंडिशन कशी घेतलीस तेही लिही.