आइल ऑफ वाइटवर लंडनच्या भुयारी गाड्या कशासाठी?

खिडकीजवळ :
इंग्लंडच्या दक्षिणेकडील आइल ऑफ वाइट बेटावर राइड ते शँक्लिन अशी जेमतेम चौदा किलोमीटरची रेल्वे आहे आणि तिच्यावर 1938 साली लंडनच्या भुयारी मार्गांसाठी बांधलेल्या गाड्या जानेवारी 2021 पर्यंत प्रवाशांची ने-आण करीत होत्या, असे वाचनात आले. बेट लहान, तेव्हा माथेरानसारखे अरुंद रूळ असतील आणि म्हणून ठेंगण्या गाड्या लागत असतील, असा माझा समज आहे. तो बरोबर आहे का?

सांधेवाला :
नाही. तेथील रूळ मुख्य भूमीवरच्याच रुंदीचे, म्हणजे 4 फूट साडेआठ इंचांचे आहेत. अडचण उंचीची आहे. राइड गावाखालच्या बोगद्यात पाणी शिरत असे, म्हणून 1967 साली वाफेच्या जागी विजेची गाडी आणताना तेथील रूळ वर उचलले गेले आणि छत तेवढे जवळ आले. नेहमीची गाडी त्यात मावत नाही. लंडनच्या गोल बोगद्यांसाठी घडवलेली बुटकी गाडी मात्र सहज निघून जाते. 1967 साली आणलेल्या गाड्याही लंडनच्याच जुन्या होत्या आणि 1938 च्या गाड्या त्यांच्या जागी 1989 साली आल्या. हा सारा जुन्या वस्तूंच्या हौसेचा मामला होता, असे मला वाटत नाही; मोडीत निघायची गाडी मापात बसली, इतकेच.

गार्डचा डबा :
धक्क्याचा उल्लेख राहिला. ओहोटीला राइडचा किनारा दूरवर उघडा पडतो, त्यामुळे समोरच्या मुख्य भूमीवरील पोर्ट्समथ बंदराची बोट समुद्रात सुमारे 700 मीटर शिरलेल्या धक्क्याच्या टोकाला लागते आणि रेल्वेही थेट तेथवर जाते. खाऱ्या वाऱ्यात लोखंडाचे काय होते, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. नोव्हेंबर 2021 पासून धावणाऱ्या गाड्याही लंडनच्या डिस्ट्रिक्ट मार्गावरून निवृत्त झालेल्याच आहेत, फक्त नव्या मोटारी बसवून आतून नव्याने सजवलेल्या.

खिडकीजवळ :
आभारी आहे. बेटावरचे वाफेच्या काळातले जुने डबे आता कोठे पाहता येतील?

सांधेवाला :
याच मार्गावरच्या स्मॉलब्रुक जंक्शनला उतरावे. या स्थानकाला रस्ताच नाही, ते केवळ गाडी बदलण्यासाठी 1991 साली बांधले. तेथून हेवनस्ट्रीटकडे वाफेची गाडी जाते. तिचे 1891 सालचे ‘कॅलबर्न’ इंजिन प्रसिद्ध आहे, पण मी डबेच अधिक निरखून पाहीन, कारण त्यांतील कित्येक डबे रेल्वेने विकल्यावर बेटावर राहती घरे आणि शेडा म्हणून वापरात होते आणि तेथून सोडवून आणून पुन्हा चाकांवर चढवले गेले.