शब्दचर्चा : ‘आर्ग्युमेंट’ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न (खानापूर)
गावातल्या मराठी शाळेच्या चार मुलींना सुट्टीत पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवते आहे. ‘फंक्शनला आर्ग्युमेंट द्यायचं’ म्हटलं, तर त्यांनी वहीत ‘युक्तिवाद’ असा अर्थ उतरवून घेतला. शब्दकोशात तोच पहिला. एकीनं विचारलं, ‘ताई, कॉम्प्युटरशी वाद कशाला घालायचा?’ कन्नडमध्येही ‘वाद’च, त्यामुळे तिकडूनही वाट नाही. पॅरामीटर आणि आर्ग्युमेंट यांना दोन वेगळे, समजतील असे शब्द सुचवा.

प्रतिसाद (उद्यमबाग, बेळगाव)
ताई, मुलीची शंका अगदी रास्त आहे. या आर्ग्युमेंटचा भांडणाशी संबंध नाही. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ ‘स्पष्ट करणे, सिद्ध करणे’. युरोपातल्या जुन्या खगोलकोष्टकांत ज्या आकड्यावरून दुसरा आकडा काढायचा, त्या पहिल्याला आर्ग्युमेंट म्हणत. पुढे तोच शब्द गणितात रुळला आणि तिथून प्रोग्रॅमिंगमध्ये आला.

आमच्या फौंड्रीतलं सांगतो. पॅटर्न, म्हणजे नगाचा नमुना, एकदा बनतो. वाळूत त्याचा साचा काढायचा, वितळलेल्या धातूचा रस ओतायचा, गार झाला की साचा फोडून नग काढायचा. पुढच्या नगाला साचा नवा, पॅटर्न तोच. ‘डेफ’ (def, फंक्शन बनवायचा शब्द) लिहिलंत की पॅटर्न तयार, अजून थेंबभरही ओतलेला नाही. फंक्शन बोलावलं की साचा पडतो. त्यातली नाव दिलेली पोकळी म्हणजे पॅरामीटर, ओतलेला रस म्हणजे आर्ग्युमेंट, ‘रिटर्न’ म्हणजे हातात आलेला नग. काम संपलं की आतली नावं साच्याबरोबर जातात.

म्हणून मी पॅरामीटरला ‘जागा’ आणि आर्ग्युमेंटला ‘दिलेलं’ म्हणतो. ‘पास करणे’ही नको, ‘देणे’ पुरे.

पायथन ३ मध्ये नावं देवनागरीत चालतात, त्याचा फायदा घ्या; आकडे मात्र इंग्रजीच लिहायचे. कुंदा(दूध, साखर) असं फंक्शन लिहायला लावा. कुंदा(4, 1) म्हणजे ४ लिटर दूध, १ किलो साखर. आकडे उलटे दिले तर १ लिटर दुधात ४ किलो साखर पडेल आणि पायथन हूं की चूं करणार नाही. कुंदा(साखर=1, दूध=4) असं नावानिशी दिलं, की क्रम कसाही चालतो.

प्रतिसाद (निपाणी)
ही नावानिशी देण्याची रीत मुलींना आधीच येते, फक्त तिला विभक्ती म्हणतात. ‘मुलीने आईला पत्र दिलं’ किंवा ‘आईला मुलीने पत्र दिलं’, देणारी तीच आणि घेणारी तीच, कारण ‘ने’ आणि ‘ला’ शब्दाला चिकटलेले आहेत. कन्नडमध्येही ‘ला’च्या ठिकाणी ‘गे’ किंवा ‘इगे’ लागतो. दोन्ही भाषा कानावर असलेल्या आपल्या पोरांना हे समजायला वेळ लागू नये. बॅश या दुसऱ्या, कमांड लिहायच्या भाषेत मात्र फंक्शनच्या आत ‘डॉलर एक’ ($1), ‘डॉलर दोन’ ($2) एवढंच. तिथे पहिला कोण, दुसरा कोण, यावरच सगळं.

‘दिलेलं’ मला पटलं. ‘जागा’ बोलताना ठीक, पण लिहिताना ‘प्राचल’ ठेवा. गणिताच्या परिभाषेत तो रुळलेला आहे, मुलींना पुढे तोच भेटेल.

प्रश्नकर्ती (खानापूर)
आज दोन्ही सांगून पाहिलं. विभक्तीचं लगेच कळलं. अडलं ते दुसरीकडे. एकीनं बाजार(वस्तू, पिशवी=[]) असं लिहिलं. पहिल्यांदा ‘वांगी’ दिली, दुसऱ्यांदा ‘मिरची’. दुसऱ्या पिशवीत वांगीही निघाली! ती रिकामी यादी डेफच्या वेळी एकदाच बनते आणि पुढे प्रत्येक वेळी तीच वापरली जाते. पिशवी साच्यात नव्हती, पॅटर्नलाच बांधलेली होती, असं सांगितल्यावर तिनं स्वतःच दुरुस्ती केली : वर यादीऐवजी ‘नन’ (None, म्हणजे ‘काहीच नाही’) लिहायचं आणि पिशवी दिलेली नसेल तर आत नवी घ्यायची.

आता ‘डीफॉल्ट’ला काय म्हणू? ‘न दिल्यास’ असं फळ्यावर लिहिलं आहे, पण ते नाम नाही.