रोज एक वेळ भाकरी: आग्रह धरावा का?
(टोपणनावांनी झालेली चर्चा)

शाळू
माझं माहेर मंगळवेढ्याचं. तिथल्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण आमच्या लहानपणी ती नुसती घरची ज्वारी होती. दोन्ही वेळा भाकरी, पोळी सणाला नाहीतर पाहुण्यांना. आता पुण्यात माझ्याच घरी महिन्याला १५ किलो गहू दळून येतो आणि दोन किलो ज्वारी सरत नाही. सासऱ्यांना मधुमेह निघाला, आठवीतल्या लेकीला भाकरी नको असते. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं. त्या वर्षी भरडधान्यांच्या बिस्किटांची पाकिटं भरपूर आली, भाकरी काही ताटात परतली नाही.

माझं म्हणणं एवढंच की प्रत्येक घरात रोज एक वेळ भाकरी झालीच पाहिजे. भाकरी केली की सोबत पिठलं, मेथी, शेंगदाण्याची चटणी, कांदा येतोच. पोळी केली की बटाटा नाहीतर जॅम.

पहाटेची लोकल
शाळूताई, "झालीच पाहिजे" हे ठीक, पण करायची कुणी? मी डोंबिवलीहून सहा अठ्ठेचाळीसची गाडी पकडते. कणीक रात्री मळून ठेवता येते, पोळ्या चळत लावून डब्यात भरता येतात, अगदीच नाही जमलं तर कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रातून आणता येतात. भाकरीचं पीठ भिजवलं की लगेच थापावं लागतं, एकेक करून. दुपारपर्यंत डब्यात ती वातड होते. सकस खाण्याचा प्रत्येक नवा नियम शेवटी बाईच्या झोपेतून अर्धा तास कापून घेतो. मला याचा मनापासून राग येतो.

मूगमटकी
मी आहारतज्ज्ञ आहे आणि माझा विरोध वेगळ्या कारणाने आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७चे तक्ते पाहा. शंभर ग्रॅम ज्वारीत प्रथिनं साधारण १० ग्रॅम, तंतू १० ग्रॅम. गव्हाच्या कणकेत प्रथिनं साडेदहा, तंतू ११. म्हणजे या दोन्हींत कोंड्यासकट गहू ज्वारीपेक्षा कमी नाही. आपण मैद्याच्या चाळणीने कोंडा काढून टाकतो आणि मग गव्हाला दोष देतो. नाचणीची गोष्ट निराळी, तिच्यात ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम आहे, कणकेत जेमतेम ३१.

खरी उणीव धान्यात नाही, वाटीत आहे. याच संस्थेच्या २०२४च्या मार्गदर्शनात २००० कॅलरींच्या आहाराला डाळी-कडधान्यं (किंवा अंडी, मांस) मिळून दिवसाला ८५ ग्रॅम सांगितली आहेत, धान्य २५०, भाज्या ४००, तेल-तूप २७. शाकाहारी घरातल्या चौघांचा हिशोब करा. महिन्याला १० किलो डाळी-कडधान्यं लागतात. मुलांचं, म्हाताऱ्यांचं कमी धरा, तरी सात-आठ. शाळूताई, तुमच्या किराण्याच्या यादीत किती आहेत? माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक घरांत तीन-चार किलो असतात आणि तेलाचा पाच लिटरचा डबा महिन्यात संपतो. हिशोबाने तो साडेतीन लिटरच्या आसपास हवा.

मधुमेहात तीन भाकऱ्या आणि पातळ वरण घेतलं तर साखर वाढतेच. सासऱ्यांना दीड भाकरी आणि वाटीभर घट्ट उसळ द्या. गोळ्या चालू असतील तर बदल डॉक्टरांच्या कानावर घाला.

माणदेशी
भावाचं कुणी बोललं नाही. २०२४-२५ला मालदांडी ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३४२१ रुपये होता, त्याच रब्बीतल्या गव्हाचा २४२५. रेशनवर माणशी पाच किलो धान्य फुकट मिळतं, पण आमच्या गावात हातात पडतात ते गहू-तांदूळच. फुकटचा गहू घरात असताना विकतची ज्वारी कोण आणणार? शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, उपटायला मजूर मिळत नाहीत म्हणून माझ्या चुलत्यांनी पेरा निम्म्यावर आणला. ते म्हणतात, जो आहे तोही कडब्यासाठी, जनावरांसाठी.

तरीही मी शाळूताईंच्या बाजूने आहे. मूगमटकी, तुमचे आकडे बरोबर असतील, पण माणूस आकडे खात नाही. पोळी कोरडी खपते, तूपसाखर लावून गुंडाळी करून खपते. भाकरीला कालवण लागतंच.

शाळू
काल रात्री यादी काढून पाहिली. तूरडाळ दोन किलो, मूग, मटकी आणि हरभरे मिळून दीड. साडेतीन किलोत आम्ही चौघं. मूगमटकी, हे मला खरंच ठाऊक नव्हतं. वरणात पाणी किती घालते याकडे इतक्या वर्षांत कधी पाहिलंच नाही. या महिन्यापासून चवळी, मसूर, कुळीथ वाढवतेय. कणीक आता साध्या चाळणीनेच चाळेन.

भाकरीचा हट्ट मात्र सोडत नाही. लोकलताई, तुमचा राग रास्त आहे, "झालीच पाहिजे" हे शब्द मी मागे घेते. सकाळी पोळीच राहू दे. रात्रीची भाकरी बाईनेच थापावी असं माझं म्हणणं कधीच नव्हतं, पण लिहिताना ते तसं उमटलं.

पहाटेची लोकल
मागे घेतलंत, बरं वाटलं. एक सुचवू? भाजणीचं थालीपीठ. ज्वारी, बाजरी, हरभराडाळ, उडीद, सगळं एकाच दळणात. महिन्यातून एकदा भाजायचं आणि लावायला कुणीही चालतं. माझा दहावीतला मुलगा लावतो, फक्त तेल जरा सढळ सोडतो.

मूगमटकी
भाजणीत डाळींचं प्रमाण वाढवा, दोन वाट्या ज्वारीला एक वाटी डाळी. नॉनस्टिक तव्यावर एक चमचा तेल पुरतं.

शाळू
परवा नवऱ्याने पहिल्यांदा भाकरी थापली. काठ चिरले, परातीतून उचलताना दोन तुकडे झाले. दळण महिन्याचं जुनं आहे, पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेली असणार. उकळतं पाणी घालून मळलं तर जुनं पीठ सावरतं का? माणदेशी, तुमच्याकडे काय करतात?

माणदेशी
सावरतं. आधणाचं पाणी घाला, झाकून पाच मिनिटं ठेवा आणि तळहाताने रगडून मळा. पुढच्या वेळी मात्र दळण आठवड्याचंच आणा.